वीस इंची दंड आणि मुठीएवढं काळीज

हा मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. वर फोटो: तेल चोपडलेला, शिरा तट्ट फुगलेला, मान खांद्यांत बुडालेला एक माणूस. खाली सात-आठ ओळी. शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण माल तोच:

"मोठं शरीर म्हणजे शिस्त, हाडकुळ्यांनी जळू नये. सुई दहा टक्के, मेहनत नव्वद टक्के. जे मेले ते अडाणीपणाने मेले. कोच हुशार असेल तर काही होत नाही. आरशासमोर रडत बसणं हे बायकांचं काम, मर्दाचं नाही. पोरींना मोठेच आवडतात. मारुती, भीम, पैलवान, ही आपलीच परंपरा. आणि अर्नोल्डकडे बघा, पंचाहत्तरी उलटली तरी ठणठणीत."

आमच्या व्यायामशाळेच्या ग्रुपवर तो वर्षभरात चार वेळा आला. चौथ्यांदा पाठवणारा पोरगा एकोणीस वर्षांचा होता, म्हणून लिहायला बसलो.

मला व्यायामाचा तिटकारा आहे असं कुणी समजू नये. परळच्या एका चाळीच्या तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत सव्वीस वर्षं लोखंड उचलतोय. पंखा एक, शेंदूर फासलेला मारुती एक, आरसा एक आणि तोही तडकलेला. सकाळी बारखाली गेलो नाही तर त्या दिवशी घरचे माझ्यापासून चार हात लांब राहतात. अंग भरावं, दंडाला बेटकुळी यावी, हे मलाही वाटत आलंय. पण या मजकुरातली जवळजवळ प्रत्येक ओळ खोटी आहे, आणि ती कुणाला तरी महागात पडते.

"सुई दहा टक्के, मेहनत नव्वद टक्के."

ही आधी घेतो, कारण बाकीचा डोलारा हिच्यावर उभा आहे. सुई म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची आणि त्यासारख्या, स्नायू वाढवणाऱ्या स्टिरॉइड औषधांची. १९९६ साली शलेंदर भसीन या संशोधकाच्या गटाने 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापला. ४३ निरोगी पुरुष, दहा आठवडे, चार गट. कुणाला आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, कुणाला औषध नसलेलं नुसतं तेल; कुणी व्यायाम करायचा, कुणी अजिबात नाही. नुसतं तेल टोचून घेऊन इमानाने वजनं उचलणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन साधारण दोन किलोने वाढलं. टेस्टोस्टेरॉन घेऊन घरी बसलेल्यांचं तीन किलोहून थोडं जास्त. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलोच्या वर.

म्हणजे सोफ्यावर बसून सुई घेणाऱ्याने घाम गाळणाऱ्याला मागे टाकलं. यातलं काही वजन पाण्याचं असतं, हे मान्य. मेहनतीची किंमत शून्य नाही हेही त्याच आकड्यांत दिसतं, दोन्ही मिळून सगळ्यात जास्त वाढ झाली. पण नव्वद-दहा हा हिशेब कुठल्या बनियाने मांडला? आणि जिममध्ये ज्याला 'कोर्स' म्हणतात त्यात एकच औषध नसतं. दोन-तीन एकत्र असतात, वर त्यांचे दुष्परिणाम दाबायला आणखी दोन.

दुसरा आकडा १९९५ चा. हार्वर्डशी संबंधित मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १५७ खेळाडू तपासले, ८३ स्टिरॉइड घेणारे आणि ७४ न घेणारे. चरबी वजा केलेलं वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. न घेणाऱ्यांचं उत्तर साधारण २५ पर्यंत येऊन थांबत होतं. स्टिरॉइड बाजारात येण्याआधीच्या काळातले, १९३९ ते १९५९ मधले मिस्टर अमेरिका घेतले तरी सरासरी २५ च्या आसपासच. ही काही दगडात कोरलेली रेघ नाही, एखादा हाडापेराने दणकट माणूस ती थोडी ओलांडतो. पण अंदाज येतो. पाच फूट सात इंचांच्या माणसाला, अंगावर दहा टक्के चरबी धरली, तर ८० किलोच्या आसपास हे उत्तर २५ येतं. तिथवर पोचायलाही बरीच वर्षं लागतात, आणि तसा माणूस लोकलमध्ये शिरला तर लोक वळून बघतात.

आता रॉनी कोलमन घ्या. १९९८ ते २००५, सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे शरीरसौष्ठवातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा विजेता. २००३ मध्ये स्टेजवरचं वजन १३० किलो, उंची पाच फूट अकरा, अंगावर चरबी नावालाच. तोच भागाकार मी कागदावर करून बघितला तर ३८ च्या जवळ गेला. त्याच्या पंचवीस वर्षं आधी फ्रँक झेन १९७७ ते १९७९ सलग तीनदा तीच स्पर्धा जिंकला होता, ८५ किलोच्या आसपास वजन घेऊन. दोघांच्या उंचीत दोन इंचांचा फरक, वजनात पंचेचाळीस किलोंचा. माणसाची जात पंचवीस वर्षांत बदलत नाही. डाळ-भात, चिकन-अंडीही तीच. (झेनचा काळ पवित्र होता असंही नाही. डायनाबॉल या स्टिरॉइडची गोळी १९५८ पासून अमेरिकेत मिळत होती, मिस्टर ऑलिंपिया सुरू झाली १९६५ ला. जुन्या फोटोंखाली 'तेव्हाचे सगळे नॅचरल' म्हणून हात जोडणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात.)

कोलमनच्या मेहनतीवर शंका घेणारा मूर्ख. ३६३ किलो खांद्यावर घेऊन बैठका मारलेला माणूस आहे तो, आणि त्या काळात पोलिसात नोकरीही करत होता. पण मजकुरातली ओळ त्याचं कौतुक करायला लिहिलेलीच नाही. ती त्या पोराला सांगते, जो सहा अंडी आणि अर्धा किलो चिकन परवडत नाही म्हणून शेंगदाणे-गूळ-चण्यांवर भागवतो आणि दीड वर्षात दंड एक इंच वाढवतो: तुझं दहा टक्के सोड, तू नव्वद टक्क्यांतच कमी पडलास. तू आळशी आहेस. खरं तर तो त्याच्या शरीराला जमेल तेवढ्या वेगाने वाढत असतो. त्याला ते कुणी सांगत नाही, कारण ते सांगून काही विकलं जात नाही.

"जे मेले ते अडाणीपणाने मेले, कोच हुशार असेल तर काही होत नाही."

इथे जरा थांबावं लागेल.

२०२५ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २००५ ते २०२० या काळात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत उतरलेले २०,२८६ पुरुष शरीरसौष्ठवपटू त्यांनी शोधले आणि त्यांच्यापैकी कोण वारलं याचा माग काढला. १२१ मृत्यू सापडले. मरताना सरासरी वय ४५. त्यातले ३८ टक्के अचानक हृदय बंद पडून. मृत्यूंची माहिती बातम्या आणि इंटरनेटवरून गोळा केलेली, त्यामुळे काही निसटलेही असतील. पण या मजकुराला उत्तर देणारा आकडा वेगळाच आहे: हौशी खेळाडूंच्या तुलनेत व्यावसायिक खेळाडूंना अचानक हृदयमृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त निघाला.

व्यावसायिक म्हणजे कोण? ज्यांच्याकडे सगळ्यात महागडे कोच आहेत, जे नियमित रक्त तपासतात, ज्यांना गोळीचा मिलिग्रॅम न् मिलिग्रॅम ठाऊक असतो. अडाणीपणाने माणसं मरत असती तर आकडा उलटा यायला हवा होता. गल्लीतला नवशिका जास्त मेला असता आणि वरचा माणूस वाचला असता.

ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर मार्च १९९६ मध्ये गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि जगातल्या पहिल्या दहा-बारांत धरला जात होता. कातडी कागदासारखी पातळ दिसावी यासाठी त्याचं नाव होतं. फ्रान्सचा मोहम्मद बेनअझीझा १९९२ मध्ये हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला, वय ३३. स्पर्धेआधी 'पाणी तोडतात', म्हणजे लघवी करवणारी औषधं घेऊन अंगातलं पाणी काढून टाकतात, जेणेकरून कट, म्हणजे स्नायूंमधल्या रेघा, दिसाव्यात. पाण्याबरोबर पोटॅशियमसारखे क्षार हलतात आणि हृदयाचे ठोके याच क्षारांवर चालतात. स्टेजवर सगळ्यात 'तंदुरुस्त' दिसणारा माणूस त्या दिवशी आतून सगळ्यात नाजूक असतो, हे आमच्याकडे 'श्री' स्पर्धांच्या मागच्या खोलीत उभं राहिलेला कुणीही सांगेल. तिथे ओठ फुटलेली, पायात गोळे आलेली पोरं जमिनीवर आडवी पडलेली असतात आणि कुणीतरी त्यांच्या तोंडात चमच्याने मध घालत असतो.

अमेरिकेचा डॅलस मॅकार्व्हर ऑगस्ट २०१७ मध्ये गेला. वय २६. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचं वजन ८३३ ग्रॅम भरलं. सामान्य प्रौढ माणसाचं काळीज साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचं असतं. काळीज मुठीएवढं, असं आपल्याला शाळेत शिकवतात. हेही स्नायूच आहे आणि ही औषधं त्याला वगळत नाहीत. फक्त बेटकुळी बाहेर फुगते, आणि हृदयाची भिंत आतल्या बाजूलाही जाड होत जाते. रक्ताला जागा कमी पडते. ही जाडी रक्ततपासणीत दिसत नाही. 'भाई, मी दर तीन महिन्यांनी ब्लड करतो, सगळं क्लिअर' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढलाय, हे एकदा विचारून बघा. मी विचारलंय. उत्तर बहुतेक वेळा 'इको कशाला?' असंच असतं.

आणि ही फक्त स्टेजवरच्या राक्षसांची गोष्ट नाही. २०१७ मध्येच 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात १४० वजनं उचलणाऱ्या पुरुषांचा अभ्यास आला, ८६ वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेले आणि ५४ न घेतलेले. हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, हे बघितलं. न घेणाऱ्यांचं सरासरी ६३ टक्के, घेणाऱ्यांचं ५२. शिवाय घेणाऱ्यांच्या धमन्यांत थर जास्त. ही माणसं चालती-बोलती होती, बेंचवर शंभर किलो मारणारी होती.

आता 'हुशार कोच' आपल्याकडे कोण असतो ते बघू. माझ्या माहितीतल्या निम्म्या जिममध्ये तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा ट्रेनर असतो, पगार तुटपुंजा, आणि खरी कमाई बाटल्यांवर. तो स्वतः ज्याच्याकडून शिकला त्यानेही तसंच विकलं होतं. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन ही आपल्या कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची औषधं नाहीत, पण चिठ्ठी हा शब्द तिथे कुणी काढत नाही. त्याहून भयंकर प्रकार मेफेन्टरमीनचा. मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचं ब्लड प्रेशर पडलं तर ते वर आणायला ऑपरेशन थिएटरमध्ये वापरायचं हे इंजेक्शन. त्याने स्नायू वाढतच नाहीत. छाती धडधडते, झोप उडते, आणि पोराला वाटतं आज काय पंप आला, स्नायू काय फुगले! पुण्या-मुंबईकडे पोलिसांनी त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात; चार दिवस चर्चा होते, मग पाचव्या दिवशी कुणीतरी बाटली कुठे मिळते ते विचारतो.

जाता जाता एक, कारण हा घोळ घराघरांत आहे. दम्यासाठी डॉक्टर देतात ते स्टिरॉइड वेगळ्या जातीचं. त्याने डोले येत नाहीत. जिमवाल्यांच्या बातम्या वाचून आजीचा पंप बंद करू नका. आणि दुसऱ्या टोकाला, 'पावडर खाऊन मेला' म्हणणाऱ्या आई-वडिलांनाही सांगायला हवं की चांगल्या कंपनीची प्रोटीन पावडर म्हणजे चीज करताना दुधातून सुटणाऱ्या पाण्याची भुकटी. मुलाच्या टेबलावरचा तो मोठा डबा चोर नसतो. चोर फ्रीजमागे किंवा बॅगेच्या आतल्या कप्प्यात असतो.

"आरशासमोर रडत बसणं हे बायकांचं काम, मर्दाचं नाही."

ही ओळ वाचून मला आमच्याकडचा एक पोरगा आठवला. कुरिअर पोचवायचं काम करायचा, दिवसभर जिने चढायचा, रात्री नऊला यायचा. चांगला भरलेला. दंड साडेपंधरा इंच, औषधाशिवाय. त्याच्या बॅगेत शिंप्याची टेप असायची. रविवारी सकाळी मापायचा, संध्याकाळी मापायचा. मे महिन्यात, मुंबईच्या घामात, दोन टी-शर्ट एकावर एक घालायचा. मला वाटायचं घाम काढून वजन उतरवतोय. वर्षभराने कळलं की एक शर्ट घातला तर दंड बारीक दिसतात, असं त्याला वाटतं. मित्राच्या हळदीला गेला नाही, कारण तिथे अंगातला शर्ट काढतील.

हे त्याचं एकट्याचं वेड नव्हे. १९९३ मध्ये वर उल्लेख केलेल्या पोप यांच्याच गटाने १०८ शरीरसौष्ठवपटूंच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातल्या नऊ जणांत एक विचित्र गोष्ट नोंदवली. हे धिप्पाड लोक स्वतःला लहान, किरकोळ समजत होते. उन्हाळ्यात ढगळ कपडे घालत, चारचौघांत जायचं टाळत. उपाशी राहून हाडांचा सापळा झालेली मुलगी आरशात स्वतःला जाडी बघते, त्याच्या बरोबर उलटं. म्हणून आधी त्याला उलटा अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं, १९९७ मध्ये मसल डिस्मॉर्फिया हे नाव दिलं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या अधिकृत सूचीत, स्वतःच्या शरीरातल्या नसलेल्या दोषाने पछाडण्याच्या विकाराखाली, त्याची नोंद आहे.

या विकाराची मेख अशी की औषध घेऊन माप वाढलं तरी नजर हलत नाही. साडेपंधराचा पोरगा सतरावर गेला. चार महिन्यांत. पाठीवर पुटकुळ्या, चेहरा सुजल्यासारखा, आवाज चढलेला. त्या रविवारी माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, मी बारीक झालोय का?" मी हसलो. तो हसला नाही. माझ्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

ही नजर येते कुठून? पोप यांनी १९९९ मध्ये मुलांची खेळणी मोजली, हे मला फार आवडतं. जी. आय. जो हा सैनिक-बाहुला. १९६४ चा बाहुला पाच फूट दहा इंच उंच माणूस धरला तर त्याचा दंड १२.२ इंच भरत होता, म्हणजे शेजारच्या काकांएवढा. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या बाहुल्याचा २६.८ इंच. एवढा दंड तोवर कुठल्याही शरीरसौष्ठवपटूचा नव्हता. खेळण्यातला माणूस खऱ्या माणसाच्या पुढे निघून गेला. आता खेळणी कोण बघतं, हातात फोन आहे, आणि फोनमधला माणूस तर खरा आहे असं सांगितलं जातं.

"पोरींना मोठेच आवडतात."

याला दोन वाक्यं पुरतील. २००० साली अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या तरुणांना पडद्यावर शरीर निवडायला सांगितलं तेव्हा, बायकांना आवडेल म्हणून त्यांनी स्वतःपेक्षा जवळजवळ चौदा किलो जास्त स्नायूंचं शरीर निवडलं. खऱ्या बायकांना विचारलं तर त्यांनी साध्या, वाढीव स्नायू नसलेल्या पुरुषाकडे बोट दाखवलं. बाकी, स्पर्धेच्या मांडवात पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारे नव्वद टक्के पुरुषच असतात. हा माझा आकडा, संशोधन नाही. पण कुठल्याही 'श्री'ला या आणि मोजा.

"मारुती, भीम, पैलवान, ही आपलीच परंपरा."

इथे मात्र माझा पारा चढतो, कारण ज्या भिंतीसमोर मी रोज जोर मारतो त्या भिंतीवरचा देव यात ओढलाय. भीमरूपी ज्याला पाठ आहे त्याने मधल्या ओळी आठवाव्यात. तिथे मारुतीचं वर्णन 'नेटका सडपातळू' असं आहे, आणि पुढचा शब्द 'चपळांग'. प्रत्येक तालमीत हे स्तोत्र म्हटलं जातं आणि प्रत्येक तालमीबाहेर मारुतीचं ते फुगलेल्या दंडांचं स्टिकर चिकटवलेलं असतं. म्हणताना कान कुठे असतात, देव जाणे.

तालीम आकार मोजायची नाही. जोर किती, बैठका किती, किती वेळ अंग टिकतं, हे मोजायची. मल्लखांबावर जाड माणूस चढतच नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर ध्यास घेतला, त्यात दंडाचा घेर हा विषयच नाही. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पहिला माणूस, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत कुठल्या गटात लढले? ५७ किलोच्या. योगायोग बघा, त्याच वर्षी मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आलेले बंगालचे मनोहर आईच हे चार फूट अकरा इंचांचे. लोक त्यांना पॉकेट हर्क्युलिस म्हणत. ते २०१६ मध्ये वारले, एकशे चार वर्षांचे होऊन.

स्टेजवर तेल लावून उभं राहायचं आणि परीक्षकांनी स्नायू तपासायचे, ही रीत आपली नाहीच. ती युजेन सँडोने १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पर्धा भरवून रुळवली आणि पुढे तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. मिस्टर ऑलिंपियाची ट्रॉफी आजही त्याच्या पुतळ्याची असते. पण ग्रीक पुतळ्यांची प्रमाणं डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या सँडोला त्याच्याच ट्रॉफीच्या आजच्या स्पर्धेत शेवटचाही नंबर मिळणार नाही. आणि आपण ती रीत उचलली तेव्हाही गिरणगावात टाळ्या वजनावर पडत नव्हत्या. आमच्याकडे गट ५५ किलोपासून सुरू होतात. गिरणी कामगारांची पोरं, एकवेळची भाकरी, ५५ आणि ६० किलोंची, पण एकेक स्नायू कोरलेला. त्यांच्या नावाने लालबाग-परळच्या मंडपात जो गलका व्हायचा तो शेवटच्या जड गटाला क्वचितच मिळायचा. पैलवानांबद्दल म्हणाल तर सुई आता काही तालमींतही शिरलीय, हे ऐकून माहीत आहे. पण ते अलीकडचं. त्याला परंपरा म्हणू नका.

"अर्नोल्डकडे बघा."

बघतो. त्यांनी स्वतः स्टिरॉइड घेतल्याचं कबूल केलंय. १९९७, २०१८ आणि २०२० अशा तीन वेळा त्यांच्या हृदयाच्या झडपांची शस्त्रक्रिया झाली. झडपेचा दोष जन्मजात होता, त्यामुळे त्याचं खापर मी औषधांवर फोडणार नाही. पण 'ठणठणीत' म्हणताना तीन शस्त्रक्रिया गाळायच्या कशा? पुराचं पाणी ओसरल्यावर झाडावर बसलेला एक माणूस दाखवून पूर निरुपद्रवी होता म्हणायचं, तसं हे आहे. आणि अर्नोल्डचं नाव घेताच आहात तर त्यांचं म्हणणंही घ्या. २०१५ मध्ये त्यांनी आपल्याच नावाच्या स्पर्धेत जाहीरपणे परीक्षकांना झापलं होतं: पूर्वी शरीर खांद्याकडून कमरेकडे निमुळतं होत जायचं, आता बाटलीसारखी पोटं पुढे आलेली माणसं जिंकतात.

"मोठं शरीर म्हणजे शिस्त, हाडकुळ्यांनी जळू नये."

जळण्याबद्दल बोलायचं तर या खेळाच्या आतल्याच लोकांचं मन कधीचं उडालंय. २०१६ मध्ये मिस्टर ऑलिंपियातच क्लासिक फिजिक नावाचा गट सुरू झाला, ज्यात उंचीप्रमाणे वजनाला वरची मर्यादा घातलेली असते. तो गट २०१९ ते २०२४ सलग सहा वेळा जिंकलेला ख्रिस बमस्टेड पोरांमध्ये खुल्या, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या, गटाच्या विजेत्यापेक्षा जास्त लाडका आहे. (तोही 'नॅचरल' नाही, तेवढं लक्षात असू द्या.)

शिस्तीचं मला नाकारता येत नाही. दिवसातून सहा वेळा डबा उघडणं, लग्नात श्रीखंडाच्या वाटीकडे न बघणं, पहाटे उठणं, ही शिस्तच. पण कोलमन आज आधाराशिवाय चालू शकत नाही, पाठीच्या आणि खुब्यांच्या कितीतरी शस्त्रक्रिया झाल्यात, आणि तरी त्याला पश्चात्ताप नाही असं तो हसत सांगतो. मी त्याला दोष देणार नाही. तो आठ वेळा जगात पहिला आला, सौदा काय होता ते त्याला ठाऊक होतं. परळच्या कुरिअरवाल्या पोराला समोरून कुठली ट्रॉफी होती? त्याने मला सांगितलेलं ध्येय असं होतं: अठरा. का अठरा? त्याला सांगता आलं नाही. अठरा झाले असते तर एकोणीस म्हणाला असता.

घरी लग्नाचं बघायला लागले तेव्हा तो घाबरून एका डॉक्टरांकडे गेला. तपासणीत शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरलं की शरीर स्वतःचा कारखाना बंद करतं, आणि तो परत चालू व्हायला महिने लागतात, काहींचा नीट होतच नाही. हे त्याला ट्रेनरने सांगितलं नव्हतं. सुई बंद केल्यावर पहिले तीन महिने तो व्यायामशाळेत यायचा, बाकावर बसायचा आणि काहीही न उचलता जायचा. 'मूड नाही काका' एवढंच. तो मूड नव्हता, तेही शरीरच होतं. सुई सुटल्यावर येणारी उदासी हा ठाऊक असलेला परिणाम आहे, आणि याच काळात बरेच जण दुसरा कोर्स चालू करतात. त्याने केला नाही. का, ते मला माहीत नाही. बहुधा होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं होतं म्हणून असेल. टेप मात्र त्याने माझ्याकडे दिली आणि म्हणाला, कपाटात ठेवा, मागितली तरी देऊ नका.

गेल्या दसऱ्याला आम्ही नेहमीसारखी लोखंडाची पूजा मांडली. बार धुतला, डंबेल ओळीने लावले, झेंडू वाहिला. त्याने विचारलं, टेपही ठेवू का पूजेला. मी किल्ली दिली. टेप काढून त्याने दहा किलोच्या प्लेटशेजारी ठेवली, कुंकू लावलं, आरती झाली. सगळे पेढ्यांकडे वळल्यावर त्याने ती उचलून दंडाभोवती एकदा फिरवली. मला पाठमोरा होता, पण तडकलेल्या आरशात ओठ हललेले दिसले. साडेपंधरा. मग टेप गुंडाळून माझ्या हातात दिली आणि पेढा घ्यायला गेला.